एका पिढीचा जोम

काकाजींच्या गोष्टी १९६४ सालापासून सुरू होतात. त्याआधीचं बालपण, शाळा, महाराजबागेजवळचं कृषी महाविद्यालय, हे सगळं ते दोन वाक्यांत उरकतात. "त्या साली मी शेती खात्यात लागलो, अन् त्याच साली सीएसएच-एक आली," इथपासून पुढे मात्र त्यांना वेळेचं भान राहत नाही. सीएसएच-१ म्हणजे देशात प्रसारित झालेली पहिली संकरित ज्वारी. तिची गोण खांद्यावर घेऊन वर्धा जिल्ह्यातल्या गावोगावी फिरलेला हा माणूस नागपूरच्या मनीषनगरात आमच्याच इमारतीत दुसऱ्या माळ्यावर राहतो. वय ऐंशीच्या पुढे गेलंय, ऐकायला कमी येतं. पण वाणांची नावं, ओळींचं प्रमाण, कोणत्या साली पोळ्यानंतर पावसानं दगा दिला, हे सारं तोंडपाठ आहे.

वर्धा रोडवरून रेल्वेलाइन ओलांडून इकडे आलं की बेसापर्यंत आता इमारतींची रांग आहे. काकाजी नोकरीला लागले तेव्हा सोमलवाड्यापलीकडे पऱ्हाटी आणि जवारीच होती, असं ते सांगतात. इथल्या बिल्डरांना अजूनही पाया खणताना ती काळी माती भेटते. पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. आणि इथले बरेचसे म्हातारे वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडून मुलांच्या नोकऱ्यांपाठोपाठ आलेले. संध्याकाळी बाकावर बसले की कापसाचा भाव आणि पावसाचा खंड, याच गोष्टी. हा लेख त्या बाकावर ऐकलेल्या गोष्टींतून, माझ्या आजीनं सांगितलेल्या गोष्टींतून आणि त्यांची सांगड घालताना मी जे वाचलं त्यातून झाला आहे.

आजी, म्हणजे वडिलांची आई, सेलू तालुक्यातली. बोर धरणापासून थोड्या अंतरावरचं गाव. १९६५ आणि ६६ या लागोपाठच्या दुष्काळांबद्दल ती फार बोलत नसे. मिलोबद्दल मात्र बोलायची. अमेरिकेहून मदतीच्या धान्यात आलेली ती तांबडी ज्वारी रेशनच्या दुकानात मिळायची. "पोटाले आधार झाला बाप्पा, पण भाकर थापाले बसलं का हाती येत नाई," असं ती म्हणे. पिठाला चिकटपणा नाही, रंग मातकट. मिलो आणायला पोराला पाठवायचं, स्वतः जायचं नाही, अशी घरातल्या बायांची रीत होती. घरची जवारी संपली हे शेजाऱ्यांना कळू नये म्हणून.

आणि घरची जवारी म्हणजे काय, तर पुरुषभर उंचीच्याही वर जाणारं, साडेचार-पाच महिने शेतात उभं राहणारं पीक. आजी तिला नुसती 'आपली जवारी' म्हणे. काकाजींच्या मते ती सावनेर असावी, कारण त्या भागात सावनेर आणि रामकेल याच चालत. बियाणं राखायचं काम आजीचं. कापणीच्या आधी ती विळा घेऊन एकटी वावरात शिरायची. धुऱ्याच्या जवळची कणसं घ्यायची नाहीत, मधलीच घ्यायची. भरलेली, दाण्यानं दाटलेली, किडीनं न शिवलेली. त्यांच्या जुड्या बांधून चुलीवरच्या आढ्याला टांगायच्या, म्हणजे धुरानं सोंडे लागत नाहीत. पेरणीच्या तोंडावर त्या जुड्या खाली उतरत, आणि तिफणीच्या चाड्यावर मूठ धरायला माणूस जाई तो आजीच्या हातचं बी घेऊन.

धुऱ्याची कणसं का नाही, हे मी काकाजींना विचारलं. ते खूश झाले. जवारीच्या कणसाला बहुतेक दाणे स्वतःच्याच परागांनी धरतात, पण थोडेफार दुसऱ्याच्या परागांनीही धरतात. धुऱ्यावरच्या कणसावर शेजारच्या वावरातले पराग वाऱ्यानं येण्याची शक्यता जास्त. आजीला पराग माहीत नव्हते. काठचं बी 'बिघडते' एवढं तिच्या सासूनं तिला सांगितलं होतं, आणि सासूला तिच्या सासूनं. अशा बायांच्या हातांतून शेकडो वर्षं जवारीचे वाण वेगळे राहिले, टिकले. पैदासशास्त्राच्या पुस्तकांत त्यांची नोंद 'स्थानिक वाण' एवढ्या दोन शब्दांत होते, याचं मला वाईट वाटतं.

आता संकराकडे येते. एकाच जातीच्या दोन वेगवेगळ्या, दूरच्या वंशांचा संकर केला की पहिल्या पिढीची झाडं दोन्ही पालकांपेक्षा उंच, भराभर वाढणारी, जास्त पिकणारी निघतात, हे माळ्यांना आणि निसर्ग-अभ्यासकांना फार आधी दिसलं होतं. चार्ल्स डार्विननं वर्षानुवर्षं रोपं वाढवून स्वपरागित आणि परपरागित झाडांची तुलना केली आणि १८७६ मध्ये त्यावर सबंध ग्रंथ लिहिला. पण या जोमाचा व्यवहारात उपयोग कसा करायचा, याची किल्ली अमेरिकेत जॉर्ज शल यांच्या मक्यात सापडली. त्यांनी मक्याची झाडं पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्याच परागांनी फळवली. झाडं खुजी, अशक्त होत गेली. एकेक वंश मात्र आतून अगदी एकसारखा झाला. मग असे दोन अशक्त वंश एकत्र आणले, तर त्यांची संतती मूळ मक्याच्याही पुढे गेली, आणि सबंध वावर एकसारखं उभं राहिलं. १९०८ साली त्यांनी हे मांडलं.

असं का होतं, याचं सगळ्यात सोपं आणि बऱ्याच अंशी पटलेलं स्पष्टीकरण असं. प्रत्येक झाडात काही जनुकं कमजोर असतात, पण जोडीतलं दुसरं चांगलं असलं की ती दबून राहतात. स्वपरागणानं वंश शुद्ध होत जातो तशी ती कमजोर जनुकं दोन्हीकडून एकत्र येतात आणि उघडी पडतात. मात्र एका वंशाच्या खोडी एका जागी असतात, दुसऱ्याच्या दुसऱ्या जागी. दोन जुन्या गोधड्या एकावर एक घातल्या की एकीची भोकं दुसरीनं झाकली जातात, तसं संकरात होतं. काही जनुकांच्या बाबतीत दोन वेगवेगळी रूपं एकत्र असणं हेच एकसारख्या जोडीपेक्षा सरस ठरतं, असंही मानणारे शास्त्रज्ञ आहेत. हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे आणि पिकागणिक त्याचं उत्तर थोडं बदलतं.

मक्याचा तुरा वरती आणि कणीस खाली, त्यामुळे तुरा खुडला की झाड 'मादी' झालं. भारतात मक्याचे पहिले संकरित वाण १९६१ मध्ये आले. जवारीचं तसं नाही. एकाच फुलात पुंकेसर आणि अंडाशय, आणि फूल एवढंसं. हजारो फुलांतले पुंकेसर हातानं कोण काढणार? ती अडचण १९५४ मध्ये टेक्सासात सुटली. स्टीफन्स आणि हॉलंड या दोघांनी दाखवलं की मिलो ज्वारीच्या पेशीद्रव्यात काफिर ज्वारीची जनुकं आणून बसवली की पराग वांझ निघतात. झाड बाकी धडधाकट असतं, पण नर म्हणून निकामी. त्याच्या शेजारी दुसऱ्या वंशाच्या ओळी लावल्या की वारा संकर करून देतो. सीएसएच-१ ची आई काफिर-६० या वंशाची असली नर-वांझ ओळ होती, अमेरिकेतून आलेली.

हे वाचलं तेव्हा मी थबकले. आजी ज्या मिलोची भाकर थापताना वैतागायची, त्याच मिलोचं पेशीद्रव्य त्या पहिल्या संकरित जवारीच्या प्रत्येक दाण्यात होतं. पेशीद्रव्य आईकडूनच पुढे जातं. बापाकडून जात नाही. म्हणजे रेशनच्या रांगेत नकोशी झालेली ती ज्वारी वेगळ्या वाटेनं विदर्भाच्या वावरात आधीच येऊन उभी होती. काकाजींना हे अर्थातच माहीत होतं. "लोकांना सांगितलं असतं तर कोणी पेरली नसती," ते म्हणाले.

लोकांनी पेरली, कारण पोट होतं. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. पुसदकडचे, स्वतः शेतकरी, शिक्षण नागपुरात झालेलं. दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या, असं त्यांनी १९६५ मध्ये पुण्यात शनिवारवाड्यावर जाहीर सभेत सांगितलं, ही आठवण काकाजींच्या पिढीतला प्रत्येक माणूस काढतो. सरकारी यंत्रणेला त्या एका वाक्यानं धावायला लावलं. काकाजींच्या वाट्याला प्रात्यक्षिकाचे प्लॉट आले. एकरभर जागा, बियाण्याची पिशवी, खताची गोण, बीएचसी पावडर, आणि शेतकऱ्याची समजूत काढणं.

समजूत काढणं सगळ्यात कठीण. संकरित जवारी कमरेच्या थोडी वर जाऊन थांबायची. "बापू, हे तं बुटकी आहे, बैलं काय खातीन?" हा पहिला प्रश्न. तो रास्तच होता. जवारी म्हणजे अर्धं धान्य आणि अर्धा कडबा, हा हिशेब सरकारी तक्त्यात नव्हता, शेतकऱ्याच्या डोक्यात होता. शिवाय पीक शंभर दिवसांत तयार. सगळ्या शिवारात जवारी हिरवी असताना हा एकटा प्लॉट पिकलेला, त्यामुळे पंचक्रोशीतली पाखरं तिथेच. काकाजी स्वतः माळ्यावर चढून गोफण फिरवत असत. पहिल्या पावसासरशी पेरलं तर ठीक. आठ-पंधरा दिवस उशीर झाला की खोडमाशी यायची आणि पोंगेमर व्हायची, मधला सुरळीचा पोंगा वाळून जायचा. आणि शेवटी, कणीस भरलं, दाणा पक्व झाला, की परतीचा पाऊस. दाण्यावर बुरशी चढून तो काळा पडे. देशी जवारी दिवस लहान झाल्याशिवाय फुलावर येतच नाही, म्हणून तिचा दाणा पाऊस संपल्यावर भरतो. हे शहाणपण तिच्या अंगात शेकडो पावसाळ्यांनी मुरवलं होतं आणि घाईच्या संकरानं ते एका फटक्यात बाजूला ठेवलं.

तरीही खळ्यावर रास पडली तेव्हा लोक गप्प झाले. काकाजी तो क्षण हातवारे करून सांगतात. ज्या जमिनीत चार पोती व्हायची तिथे दहाच्या वर. कणीस हातात घेतलं की वजन कळायचं. पाहायला आलेल्या एका म्हाताऱ्यानं दाणा दाताखाली फोडून पाहिला, चव पाहिली, तोंड वाकडं केलं आणि पुढच्या साली दोन एकरांचं बियाणं मागितलं. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतरच्या वर्षांत खरिपाच्या या संकरित जवारीनं किती घरं तगवली, हे त्या पिढीला विचारावं. भाकरीच्या चवीवरून तिला नावं ठेवणाऱ्यांमध्ये मीही होते. काकाजींशी बोलल्यापासून जपून बोलते.

आमच्या घरी ती आली ती आजोबांच्या हट्टानं. पहिल्या साली चांगली पिकली. आजीनं नेहमीप्रमाणे विळा घेतला, वावराच्या मधोमध गेली, सगळ्यात मोठी, सगळ्यात दाट कणसं निवडली, जुड्या बांधल्या, आढ्याला टांगल्या. तिच्या दृष्टीनं इतकं उत्तम बी तिनं आयुष्यात राखलं नव्हतं. दुसऱ्या साली तेच पेरलं. उगवण चांगली झाली, पण जसजसं पीक वर येऊ लागलं तसतसं वावर बावचळल्यासारखं दिसू लागलं. एक ताट गुडघ्याएवढं, शेजारचं डोक्याच्या वर. काही आधी फुलावर आली, काही महिनाभर मागे. काही कणसांना पिवळी पराग-धूळच दिसेना. आजोबा म्हणाले, जमिनीचा कस गेला. आजी म्हणाली, "जमीन तेच आहे. बीच दुसरं झालं." आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातानं राखलेलं बी तिला ओळखू येत नव्हतं.

शास्त्र इथे स्पष्ट आहे. संकरित दाणा पेरून आलेल्या झाडाच्या अंगात दोन पालकांची जनुकं जोडीनं असतात. ते झाड स्वतःच्या परागांनी फळलं की जोड्या फुटतात आणि नव्यानं लागतात. ज्या जनुकांत दोन पालक वेगळे होते, त्यांपैकी निम्म्या जोड्या दुसऱ्या पिढीत पुन्हा एकसारख्या होतात, आणि जोमाचा तेवढा वाटा उतरतो. उंची, मुदत, कणसाचा आकार, सगळं विखुरतं. जवारीत तर आणखी एक भर: मिलोचं पेशीद्रव्य सगळ्यांकडे असतं, पण पराग पुन्हा चालू करणारं बापाचं जनुक साधारण चौथ्या हिश्श्याच्या ताटांकडे पोचत नाही. ती ताटं पुन्हा नर-वांझ. आजीला जी पिवळी धूळ दिसली नाही, ती याच ताटांवर.

तर जोम एका पिढीचा. दरसाल त्या दोन पालकांची पुन्हा नव्यानं गाठ घालून द्यावी लागते, आणि ती घालणारा कोणीतरी लागतो. माझ्या मते संकरित बियाण्याच्या सबंध इतिहासात याहून मोठी गोष्ट नाही. उत्पन्नाचे आकडे आणि चवीच्या तक्रारी हे सगळं हिच्यानंतर. आजीच्या आढ्याला टांगलेल्या जुड्यांचं काम एका झटक्यात संपलं आणि ते घराबाहेर गेलं. कुणाच्या हाती गेलं, यावर पुढचं सगळं ठरत गेलं.

सुरुवातीला ते सरकारच्या आणि काही धडपड्या माणसांच्या हाती होतं. राष्ट्रीय बियाणे महामंडळ १९६३ मध्ये निघालं. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको सुरू केली. भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केलेला हा माणूस पुढे १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार घेऊन आला. अकोल्यात १९६९ मध्ये कृषी विद्यापीठ झालं, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचं. तिथेच १९७६ मध्ये महाबीज, म्हणजे राज्याचं बियाणे महामंडळ. काकाजी बियाण्याच्या प्लॉटवरही राहिले आहेत. चार ओळी मादी, दोन ओळी नर, सभोवती दुसरी जवारी नको. दोन्ही ओळींचा फुलोरा एकाच वेळी आला पाहिजे. नर आधी फुलून गेला तर मादी कोरडीच राहणार. रात्री झोप लागत नसे, म्हणाले. पुढे आलेल्या सीएसएच-५ आणि ऐंशीच्या दशकातल्या सीएसएच-९ नं जुन्या बऱ्याच तक्रारी दूर केल्या: दाणा पांढरा, टपोरा, ताट जरा उंच. त्यांचा बाप आफ्रिकेतल्या झेरा-झेरा ज्वारीच्या वंशातला. हैदराबादहून डॉ. एन. जी. पी. राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवारीच्या पैदाशीला जी दिशा दिली, तिच्याबद्दल काकाजी आदरानं बोलतात.

इथून गोष्ट कापसाकडे वळते, आणि विदर्भात ती कापसाकडे वळणारच होती.

कापसाचं फूल मोठं. नर-वांझ ओळी न वापरताही संकर हातानं करता येतो, फक्त हात हवेत. सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं आणि १९७० मध्ये एच-४ आली, व्यापारी लागवडीची जगातली पहिली संकरित कपाशी. दोनच वर्षांत, १९७२ मध्ये, धारवाडच्या डॉ. बी. एच. कटारकी यांची वरलक्ष्मी. ती तर दोन वेगवेगळ्या प्रजातींचा संकर, अमेरिकन आणि इजिप्शियन वळणाच्या कापसांचा. धागा लांब, तलम. बाबा सांगतात, त्यांचं नागपूरचं कॉलेज वरलक्ष्मीच्या पैशावर झालं. एकाधिकार खरेदीच्या केंद्रावर बैलगाड्यांची रांग लागायची, आजोबा दोन रात्री गाडीखालीच झोपायचे, पण परत येताना खिशात एकरकमी पैसा असायचा. वरलक्ष्मीला फवारे फार लागत, पाणी फार लागे. मग नांदेडची एनएचएच-४४ आली, अंगानं काटक, आणि कोरडवाहू वऱ्हाडातही तिनं चांगलं बस्तान बसवलं.

या बियाण्याच्या मागचे हात कोणाचे, हे मला आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी सांगितलं. त्या देऊळगाव राजाकडच्या. जालन्याला लागून असलेला, बीजप्लॉटांसाठी प्रसिद्ध भाग. दहा-अकरा वर्षांच्या असल्यापासून त्या 'क्रॉसिंगला' जात. दुपारी ऊन उतरलं की उद्या उमलणारी कळी हेरायची. अंगठ्याचं नख देठाजवळ फिरवून पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी एकत्र ओढून काढायची. मधल्या कुक्षीला धक्का लागला की कळी गेली. वर लाल कागदाची टोपी. सकाळी दव सुकलं की नर ओळीतली फुलं पदरात घेऊन यायचं, टोपी काढायची, फूल कुक्षीवर हळूच फिरवायचं, खुणेचा दोरा बांधायचा. रोज, दोन महिने. जी कळी राहून गेली ती तोडून टाकायची, नाहीतर बियाण्यात भेसळ. "लहान पोरींचे बोटं बारीक असते, म्हणून आमालेच बोलवायचे," मावशी म्हणाल्या. त्या हंगामात शाळा नाही. त्यांची शाळा त्यातच सुटली. आंध्र, कर्नाटक, गुजरातच्या बीजप्लॉटांवरच्या मुलींच्या मजुरीबद्दल पुढे पुष्कळ लिहिलं गेलं. आमच्या घरच्या कॉलेजच्या फीला कुठल्यातरी प्लॉटवरच्या अशाच बोटांचा आधार होता, हे मला मावशींनी कढईत फोडणी देता देता सांगितलेल्या गोष्टीवरून कळलं.

हातानं केलेलं बियाणं महाग पडणारच. महाग म्हणून ते एकरी थोडं टाकायचं, दूर दूर टोबायचं. म्हणजे झाड मोठं, पसरट, लांब मुदतीचं हवं, जास्त बोंडं देणारं. पाणी असेल तिथे हे उत्तम जमतं. पण विदर्भातला बहुतांश कापूस पावसावर, आणि माथ्यावरच्या बरड, उथळ जमिनीत ऑक्टोबरअखेर ओल संपते. मोठ्या झाडावर बोंडं भरायची वेळ नेमकी तीच.

२००२ च्या मार्चमध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, तीही महिको-मोन्सॅन्टोच्या संकरित वाणांतून. बोंडअळीला मारणारं जनुक सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणातही घालता आलं असतं. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्राझील या देशांत कापूस मुख्यतः सरळ वाणांचाच आहे, दाट पेरलेला. भारतात मात्र बीटी आणि संकर यांची जोडी झाली; कारण सरळ वाणाचं बी शेतकरी पुढच्या साली ठेवू शकतो, संकराचं ठेवू शकत नाही. कंपनीच्या दृष्टीनं जोमाचं एका पिढीपुरतं टिकणं हेच तिचं कुलूप. काही वर्षांत हजारावर बीटी संकरित वाण बाजारात आले. सुरुवातीला अळी खरोखर हटली, फवारे कमी झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. आमच्याच घरी एन्ड्रीनच्या जुन्या डब्यांच्या आठवणी सांगणाऱ्या काकांनी बीटीची पहिली वर्षं सुखाची होती असं सांगितलंय. पण लांब मुदतीची झाडं, वर फरदड, म्हणजे हंगामानंतरही पीक उभं, ठेवायची सवय, म्हणजे गुलाबी बोंडअळीला हिवाळाभर घर. २०१७ मध्ये ती विदर्भात फिरली, आणि त्याच हंगामात यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेनं शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे जीव गेले.

केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून नागपुरात आहे, वर्धा रोडला पांजरीत. मनीषनगरातून स्कूटरवर जाता येतं. तिचे माजी संचालक डॉ. केशव क्रांती यांनी कोरडवाहू भागात लांब मुदतीच्या संकरित कपाशीऐवजी कमी मुदतीचे सरळ वाण दाट लावावेत, ही भूमिका सतत मांडली. हिशेब असा. संकरित कपाशी तीन फूट बाय दोन फुटांवर लावली, म्हणजे ९० बाय ६० सेंटिमीटर, तर हेक्टरी साडेअठरा हजार झाडं. सरळ वाण ६० बाय १० वर लावला तर हेक्टरी एक लाख सहासष्ट हजार. झाड लहान, बोंडं दहा-बाराच, पण सगळी लवकर, ओल संपायच्या आत. एकेका झाडाचा जोम सोडून द्यायचा आणि वावराचा जोम मिळवायचा. अशा पेरणीला बियाणं भरपूर लागतं, आणि ते स्वस्त, घरचं असेल तरच परवडतं.

हे ऐकून काकाजी थोडे अस्वस्थ होतात. त्यांचं सारं आयुष्य संकरावर गेलं. पण ते प्रामाणिक माणूस आहेत. "जवारीत संकर करणं भाग होतं, बेटा. तेव्हा पोटाचा प्रश्न होता, बियाणं सरकार देत होतं, स्वस्त देत होतं. कापसात आपण जमीन न पाहता तेच केलं," ते म्हणाले. संकराविरुद्ध मीही नाही. इथून जवळच्या मध्य प्रदेशात २०१० मध्ये पेशीद्रव्याच्या नर-वांझपणावर आधारलेला तुरीचा पहिला संकर प्रसारित झाला, इक्रिसॅट या संशोधन संस्थेचा, तुरीच्या रानटी नातेवाइकाच्या पेशीद्रव्यावर बेतलेला. परागण मधमाश्या करतात. तूर वर्षानुवर्षं एकाच पातळीवर अडकलेली आहे. तिला असा धक्का मिळाला तर मला आनंदच होईल. फक्त त्या दोन पालक ओळी विद्यापीठाच्या आणि शेतकरी गटांच्या हाती राहाव्यात, एवढी माझी इच्छा आहे.

खरिपाची जवारी आता आमच्या गावात उरलेली नाही. सोयाबीननं ती जागा घेतली. सोयाबीन स्वपरागित, त्याला संकरित बियाणं नाही, आणि त्यामुळे एक उलटी गोष्ट घडते आहे. कृषी खातं दरवर्षी शेतकऱ्यांना सांगतं, घरचं बियाणं राखा, गोणपाटावर शंभर दाणे मांडून, ओलं करून, गुंडाळून ठेवा, सत्तरच्या वर मोड आले तर पेरा. काकू दर मे महिन्यात हे करते. आजीच्या जुड्या तिनं पाहिलेल्या आहेत, तिच्याच हाताखाली ती शिकली. दाणे मोजताना मध्येच कोणी बोललं तर अजूनही रागावते.

यंदा चुलतभाऊ मृगाआधी काकाजींना भेटायला मनीषनगरला आला होता. सोबत जमिनीचा नकाशा. काकाजींनी चष्मा लावून तो उजेडात धरला, कुठे किती खोल काळी लागते ते विचारून पेन्सिलीनं खुणा केल्या. विहिरीजवळच्या खोल जमिनीत संकरित कपाशी, दूर अंतरावर. माथ्यावरच्या अडीच एकर बरड जमिनीत सरळ वाण, दाट. तिथलं बी याच साली मधल्या तासांतून राखून ठेवायचं, धुऱ्याकडच्या चार तासांना हात लावायचा नाही. कापसाला मधमाश्यांमुळे संकर जास्त होतो, म्हणून शेजारच्या पऱ्हाटीपासून अंतर किती आहे ते भावानं पावलांनी मोजून कळवायचं ठरलं आहे. आणि जिनिंगमधून सरकी वेगळी काढून आणायची व्यवस्था काकू पाहणार आहे.